ढगातून आणणारा आवाज

सुहास गेल्याची बातमी त्याच्या घरून फोन येण्याआधीच मला मोबाइलवर कळली. आमच्या विमानांच्या ग्रुपवर त्याचा फोटो, खाली मजकूर : 'आपला लाडका मित्र हरपला.' पाठवणारा आमचा कप्तान, साताऱ्याचा. त्याचं नाव इथं छापावं असं फार वाटत होतं. सुहासची बायको, आमच्या वहिनी, नको म्हणाल्या, म्हणून फक्त 'कप्तान'.

सुहास माझा शाळेपासूनचा मित्र. मूळचा रहिमतपूरचा, कुपवाडला त्याचं लेथचं वर्कशॉप. वैमानिक व्हायचं होतं, चष्मा आडवा आला. चाळिशीत त्याला संगणकावरच्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरचा, म्हणजे बसल्या जागी विमान उडवायच्या खेळाचा, नाद लागला आणि त्यानं मलाही ओढलं. रविवारी सकाळी सातारा-सांगलीकडचे आम्ही काही जण आपापल्या घरून एकत्र उडायचो. लढायला सगळे पुढं, परतताना मात्र बोंब. ढगात धावपट्टी दिसत नाही. आधी एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीवर पोचायचं, मग ती समोर येते. जागा चुकली की डोंगर. सुहास लढायचाच नाही. सगळ्यांची विमानं ठिपक्यांसारखी दाखवणारा विमानतळाच्या टॉवरचा पडदा संगणकावर उघडून बसायचा आणि एकेकाला त्या जागेपर्यंत आणायचा. "गड्या, डावीकडं घे… आजून थोडं… घाबरू नको रं, मी हाय." कप्तान तर त्याच्या आवाजावाचून कधी धड उतरलाच नाही.

मग सुहासला घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशननंतर आवाज फाटला, तरी तो रविवारी बसला. त्या दिवशी मी त्याच्याकडंच, शेजारी बसलो होतो. कप्तान सगळ्यांदेखत म्हणाला, "ह्येचा आवाज लय घोगरा येतोय, काय कळत न्हाई. काढा ह्येला." दोघं-तिघं हसले. सुहासनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि कितीतरी वेळ त्याची वायर सरळ करत बसला. नंतर तो कधी उडाला नाही. पुढं बोलणंही बंद झालं, पण मला तो पाटीवर दिशा लिहून टॉवरचं काम शिकवत राहिला.

तेराव्यानंतर कप्तानानंच स्मृती-उड्डाण ठरवलं. "हवा ढगाळ ठिवा, सुहासला आवडायची," असंही वर. टॉवरवर मी बसलो. एकेक करून सगळ्यांना खाली आणलं. शेवटी कप्तान उरला.

"मी कुठं हाय? दिशा दे की."

मी हेडफोनची वायर सरळ करत बसलो.

"आरं, ऐकतोयस का? इंधन संपत आलंय!"

"तुझा आवाज लय घोगरा येतोय," मी म्हणालो, "काय कळत न्हाई."

त्याला कळलं. सगळ्यांनाच कळलं. पडद्यावरचा त्याचा ठिपका डोंगराकडं सरकला आणि विझला. कुणी हसलं नाही. दुपारी त्यानं ग्रुप सोडला.

खेळच तो, मेलेल्या माणसापायी कशाला वैर, असं लोक म्हणतात. म्हणोत. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

परवा वहिनींबरोबर वर्कशॉपमागच्या त्याच्या खोलीत गेलो. लोखंडाचा कीस उडतो म्हणून उठताना तो पडद्यावर पंचा टाकायचा. तो तसाच होता. वहिनींनी पंचा काढला, काच पुसली.

"भावजी, ह्यांनी त्यालाबी उतरवला आसता."

"व्हय वहिनी," मी म्हणालो. "म्हणूनच मी न्हाई उतरवला."

पंचा झटकून वहिनींनी पुन्हा पडद्यावर टाकला आणि चारी कोपरे नीट खोचले.