बावीस मिनिटांची जाईबाई

आमच्या संग्रहाच्या मागच्या खोलीत दिवसभर घरघर चालू असते. नव्या माणसाला वाटतं, शेजारी पिठाची गिरणी आहे. गिरणी नाही बाबा, सर्वर आहे. माणसाच्या उंचीची लोखंडी चौकट, तिला रॅक म्हणतात, आणि तिच्यात स्क्रूनं आवळलेला एक आडवा डबा. त्या डब्यात चार डिस्क फिरतात. आण्णासाहेबांनी हयातभर गावोगाव हिंडून टेपवर उतरवून घेतलेल्या बाया-माणसांचे आवाज त्या डिस्कवर आहेत. गोंधळी, पोतराज, जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बाया. निम्म्याहून जास्त आता जिवंत नाहीत. आण्णासाहेबही गेले. मी इथली कारकून, ग्रंथपाल आणि वेळ पडली तर झाडूवाली. नळदुर्गाला हायवेच्या अंगाला आमच्या दोन खोल्या. ट्रक गेला की काचा थरथरतात, पण मला ट्रकचा नाही, त्या घरघरीचा त्रास होतो. का होतो ते सांगायचं तर बुद्धघोषबद्दल सांगावं लागेल.

बुद्धघोष जळकोटचा. बाप मच्छिंद्र गवंडी. पोरगं सोलापूरला डिप्लोमा करून नेटवर्किंगच्या कामाला लागलं. दवाखाने, पतसंस्था, कॉलेजं, जिथं म्हणून वायरींचा गुंता तिथं हा मोटारसायकलवर हजर. सहा वर्षांपूर्वी आमचा डबा त्यानंच बसवला. येताना बापाची पाणसळ घेऊन आला होता. मी म्हटलं, "अरे, भिंत बांधायला आलायस की काय?"

"मॅडम, डबा सूतभर कलला तरी डिस्क कुरकुरत्यात," म्हणाला. आणि खरंच, रॅकच्या चारी बाजूंना पाणसळ धरून बुडबुडा मधे येईपर्यंत त्यानं खाली पत्र्याचे तुकडे सारले. चप्पल दाराबाहेर. तसं कुणी सांगितलं नव्हतं. धूळ येते म्हणून काढतो, असं तो म्हणायचा, पण पुढच्या खोलीत, आता संग्रह बघणाऱ्या साहेबांकडं, मात्र चप्पल घालूनच जायचा. मी काय ते समजून घेतलं.

मला त्यानं शिकवलं. चार डिस्कमधली एक मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं सांगू शकतात. मग नवी डिस्क घातली की त्या तिघी तिला सगळं पढवतात. पण पढवून व्हायच्या आत दुसरी मेली, तर कुणाचंच काही हाताला लागत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला तो येणार, ब्रशानं धूळ काढणार, दिवे बघणार, आणि सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती माझ्या कपाटात ठेवणार. सहा वर्षांत एक तारीख चुकवली नाही त्यानं. स्वतःच्या लग्नाच्या महिन्यातही नाही. मीच ओरडले, अरे हळद तरी वाळू दे.

आता माझं सांगते. मी तुळजापूरची. महाद्वाराजवळ आमचं हळदीकुंकवाचं दुकान. आमच्या घरात "बंद" हा शब्द नाही. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. बंद म्हटलं की कायमचं बंद, असं आई म्हणायची, आणि चुकून तोंडातून गेलं तर टपली बसायची. सत्तावन्न वर्षांची जीभ आहे, आता कुठं वळणार? संध्याकाळी मी कॉम्प्युटरही वाढवते. बुद्धघोष ते ऐकून हसत सुटायचा.

"मॅडम, असंच रोज वाढवत ऱ्हायलात तर उद्या दारातून बाहेर निघायचा न्हाय त्यो." त्याच्या धंद्यात वाढवणं म्हणजे जास्त करणं. जागा वाढवा, मेमरी वाढवा, स्पीड वाढवा.

"हसून घे," मी म्हणायचे. "तुला कधीतरी कुणीतरी उत्तर देईल."

परवाच्या मे महिन्यात ते उत्तर माझ्या हाती आलं. आण्णासाहेबांच्या घरातून कॅसेटींचा शेवटचा खोका आला होता, अकरा कॅसेटी. भिजून बुरशी धरलेल्या. एकेक पुसून, लावून, मी कॉम्प्युटरवर उतरवून घेत होते. फिती इतक्या झिजलेल्या की एकदा चालल्या की संपल्या, मशीनमध्ये नुसती तपकिरी भुकटी उरायची. सातव्या कॅसेटीवर आण्णासाहेबांचं अक्षर होतं: जाईबाई मच्छिंद्र, जळकोट, १९९८.

बुद्धघोषची आई. तो पंधरा वर्षांचा असताना ती गेली. घरात तिचा एक फोटो आहे, तोही रेशनकार्डावरचा. तिचा आवाज आठवत नाही, असं तो एकदा वायर ओढता ओढता बोलून गेला होता. "तोंड आठवतं मॅडम. आवाज काढायला गेलं की माझाच निघतो."

ती बावीस मिनिटं मी कानाला हेडफोन लावून ऐकली. फीत तेवढ्यात झडून गेली. फाइल कॉम्प्युटरवरून सर्वरवर हलवली आणि त्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्ता न्हाय ऐकत. आबाला घेऊन येतो." मच्छिंद्रआबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. पट्टी सुटू द्या, असा म्हाताऱ्याचाच निरोप. रडलो तर डॉक्टर बोलंल.

मी म्हटलं, "ये सावकाश. आणि लक्षात ठेव, त्या फाइलमध्ये तुला एक जण उत्तर देणार आहे." एवढंच म्हटलं आणि गंमत राखून ठेवली. ती गंमत आज माझ्या घशात हाडूक होऊन अडकलीय.

सव्वीस तारखेला सकाळी डब्यावरचा एक दिवा लाल झाला. बुद्धघोष तासाभरात आला, मेलेली डिस्क ओढून काढली, नवी सारली. पडद्यावर आकडा फिरायला लागला, तीन टक्के, चार टक्के. "संध्याकाळपर्यंत चालंल हे. हात लावू नका. बाकीच्या तिघी सहा वर्षं न थांबता फिरल्यात. फिरत्यात तवर फिरत्यात. एकदा थांबल्या की उठतीलच असं न्हाय." मी विचारलं, "आणि आईची फाइल? एक तारखेच्या प्रतीत ती नाही रे." त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला, घोटाळला, परत ठेवला. "आत्ता यातून काय काढायला गेलं तर ताण येतो डिस्कवर. संध्याकाळी आल्यावर पैलं तेच." त्याला उमरग्याला एका दवाखान्यात जायचं होतं. गेला.

दुपारी दोनला एसी बसला. चालू होता, पण नुसता गरम वारा फेकत होता. मे महिन्यातली नळदुर्गाची दुपार, पत्र्याचं छप्पर. खोलीची भट्टी झाली. डबा हात लावू देईना, वास यायला लागला. आकडा एकसष्टवर. मी घाबरले. हात लावू नका म्हणाला होता, म्हणून तर फोन केला. तो रस्त्यावर होता, ट्रकांचे भोंगे ऐकू येत होते.

"बुद्धघोष, खोली पेटलीय नुसती. एसी नावाला चालतोय. वाढवू का रे?"

"वाढवा की, मॅडम. इचारताय काय, लगीच वाढवा."

त्यानं शिकवलेल्या पद्धतीनं डबा वाढवला. कॉम्प्युटरवरून सांगितलं, हो म्हटलं, दिवे एकेक करून जाईपर्यंत थांबले. घरघर हळूहळू खाली आली आणि थांबली. सहा वर्षांत ती खोली मी पहिल्यांदा गप्प ऐकली. मला वाटलं, हुश्श. देवीला हात जोडले मी.

पाचला तो आला. चप्पल काढता काढता दारातच थबकला. कान दिला. "आवाज का न्हाय?"

"तूच म्हणालास ना, वाढव."

"म्या एसी म्हनलो, मॅडम. एसी वाढवा." मग त्याच्या तोंडावरचं सगळं एकदम उतरलं. सहा वर्षं ज्या शब्दाला तो हसला तो मी माझ्या अर्थानं घेतला, हे त्याला तेव्हा समजलं. मला तर बटण दाबतानाही समजलं नव्हतं.

चालू केला. नवी फिरली, दोन जुन्या फिरल्या. दुसऱ्या खणातली नुसतं टक् टक् करत राहिली. त्यानं ती काढून कानाशी धरली, उलटी केली, गार होऊ दिली, परत सारली. टक् टक्. पुढं ती पुण्याला तज्ज्ञांकडंही गेली. आतला थर खरवडला गेलाय, असं पत्र आलं. एप्रिलपर्यंतचं सगळं माझ्या कपाटातल्या प्रतीत शाबूत निघालं, गोंधळी, पोतराज, झाडून सगळे. गेल्या त्या फक्त मेमधल्या अकरा कॅसेटी. त्यातली सातवी.

तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. साहेबांना सांगितलं, डिस्क जुन्या होत्या. नवा डबा आणला, पाणसळ लावली, बसवला. एसीच्या रिमोटवर पांढरी पट्टी चिकटवली, तिच्यावर लिहिलं: एसी. सर्वरच्या बटणावर पट्टी: सर्वर. हसण्यासारखं होतं, पण दोघंही हसलो नाही.

तेव्हापासून ती घरघर मला नीट ऐकू येत नाही. तिच्यात जातं ऐकू येतं. त्या बावीस मिनिटांत जातं सतत चालू होतं, आणि त्याच्या वर तिचा आवाज, थोडा चिरका, वरच्या पट्टीत गेला की फाटणारा. दुपारी दोन वाजले की मी उठून त्या खोलीत जाते. चार हिरवे दिवे बघते. कुणीतरी "काय गं बाई" म्हणाल्यासारखं वाटतं आणि मान वळते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण मान वळते त्याला काय करू?

जूनच्या शेवटी आबांची पट्टी सुटली आणि बापलेक आले. मला वाटलं, शिव्या घालायला आलेत, आणि मी त्या खाऊन घ्यायच्या ठरवल्या होत्या. म्हातारा स्टुलावर बसला. पांढरं धोतर, डोळ्याला काळा चष्मा.

"बाई, मशीन बिघडलं म्हनला पोरगा," म्हणाला. "पर तुमी आयकलंय म्हनं. तुमाला जेवढं ध्यानात हाय तेवढं सांगा. आमी त्यासाठी आलोय."

बुद्धघोषनं बापाला माझं नाव सांगितलं नव्हतं. मशीन बिघडलं, एवढंच. त्यानं मोबाइल काढून टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लावला आणि रॅकला पाठ टेकून खाली बसला.

मी सांगायला लागले. आधी जात्याची घरघर, मग खाकरणं. आण्णासाहेब विचारतात, बाई नाव काय, ती म्हणते, नाव मोठं हाय, जाई म्हना. मग ओवी. मला सूर नाही, मी नुसती म्हटली:

"जळकुटाच्या ग वाटं, खडं टोचती पायाला
लेक साळंला ग गेला, कोण सोडील गायीला"

मधेच एक पोर येऊन काहीतरी मागतं, ती म्हणते, घोष्या, थांब की रं, सायेब आल्याती. आबांनी मान डोलावली. कोंबडं ओरडतं. पुन्हा ओवी. धन्यावर एक होती, ती म्हटली तेव्हा म्हातारा चष्म्याआडून भिंतीकडं बघत राहिला. जे जे आठवत होतं ते सगळं सांगितलं, खोकल्यासकट. शेवटचं वाक्य मात्र गिळलं.

"झालं," मी म्हटलं.

बुद्धघोषनं खालूनच विचारलं, "मॅडम, मला एक जण उत्तर देनार हाय म्हनला व्हता तुमी. ते ऱ्हायलं."

खोटं बोलावं, असं फार मनात आलं. पण ती बाई आता कुठल्याच डब्यात नव्हती, माझ्या एकटीच्या डोक्यात होती. तिथूनही तिचे शब्द कापले असते तर मी तिला दुसऱ्यांदा मारलं असतं.

"शेवटी जातं थांबतं," मी म्हटलं. "आणि ती आण्णासाहेबांना म्हणते, 'झालं न्हवं सायेब? वाढवा आता ते मशीन.'"

मागं नव्या डब्याची घरघर चालू होती. आबा हळूच हसले. "व्हय. तिचंच हाय. बंद म्हनूच द्यायची न्हाय. चूल वाढीव, दिवा वाढीव, दार वाढीव. ह्या घोष्याला लई मारलंय त्यापायी."

बुद्धघोषनं दोन्ही गुडघ्यांत डोकं घातलं. "म्या इसरलो, आबा," एवढंच ऐकू आलं. "हसलो म्या त्याला."

टेबलावर मोबाइल चालूच होता, आमचं गप्प बसणं भरून घेत होता. शेवटी म्हाताराच म्हणाला, "घोष्या, ऊठ. ती सांगतीया न्हवं, वाढीव की आता."

"मला न्हाय वाढवता येत, आबा."

आबांनी हात पुढं केला, पण लाल ठिपका कुठं दाबायचा ते त्यांना दिसेना. बोट काचेवर नुसतं फिरत राहिलं. मग मी उठले आणि दाबला. दुसऱ्यांदाही माझ्याच हातानं.