पावणेदोन तासांचं नागपूर

मावशी गेल्याचा फोन सकाळी आला तेव्हा आई माझ्याकडे बेंगळुरूला होती. मामा नागपूरहून बोलत होता. "ताई, विमानानं पावणेदोन तास लागतात, मी बघितलंय. दुपारपर्यंत पोचशील. तुझ्यासाठी थांबतो," म्हणाला.

दुपारच्या थेट विमानाची तिकिटं मिळाली. दोन साड्या पिशवीत कोंबून आम्ही लगेच निघालो. पण आमचं घर सर्जापूर रोडला आणि विमानतळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मारतहळ्ळीच्या अलीकडे टॅक्सी जी अडकली, ती अडकलीच. मेट्रोसाठी रस्ता खणलेला, त्यात ऑफिसांच्या बसची रांग. ड्रायव्हर म्हणाला, "स्वल्प टाइम लगेगा, मॅडम." आई नुसती समोरच्या बसकडे बघत होती.

विमानतळावर पोचलो तोवर काउंटर बंद झालं होतं. विमान अजून जमिनीवरच होतं, समोरच्या फलकावर तसं लिहिलेलं होतं. आईनं हात जोडले, "मेरी बहन गुजर गयी है, बेटा." काउंटरवरच्या मुलीनं मान वर केली आणि घरून लवकर निघायला हवं होतं, असं आम्हालाच सुनावलं. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, तर एक सुरक्षारक्षक येऊन उभा राहिला.

मामाला फोन केला. तो म्हणाला, "बरं, बघतो."

हैदराबादमार्गे आम्ही नागपूरला उतरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. घरी पोचलो तर अंगण धुतलेलं. पुरुष मंडळी घाटावरून परतून आंघोळी करत होती. आत खोलीत मावशीची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती.

"किती थांबायचं, ताई?" मामा म्हणाला. "लोक ताटकळले होते. पावणेदोन तासांचं तर अंतर! मनात असतं तर आली असतीस."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनंच सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा तिला भावावर आवाज चढवताना बघितलं. "मनात असतं तर? विमानात बसेपर्यंतचा रस्ता कोण चालणार होतं, तू? तिनं मला वाढवलं. तोंड तरी बघू द्यायचं होतंस रे!"

कुणीतरी चहा आणला, आईनं कप बाजूला सारला. आंघोळ करून ती मावशीच्या खोलीत गेली, खाट स्वतः सरळ केली आणि तिच्यावर बसून मोठ्यानं रडली.

तेराव्यानंतर मी एकटीच परतले. आई म्हणाली, "मी आता इथंच राहते. निदान उरलेल्यांच्या वेळी तरी चालत जाता येईल."

मामाशी मी अजून बोलत नाही. आई बोलते.