ओवीतलं नाव

आमच्या घरी दळायला दोघी बसायचो, मी आणि मोठ्या जाऊबाई. दुष्काळ पडला त्याच्या आदल्या साली माझी मुलगी तापानं गेली. ती असताना मी तिच्यावर एक ओवी रचली होती. वाळत घातलेल्या मिरच्यांवरून ती धावली, तळपाय झोंबले, मी फुंकर घालत बसले, एवढंच त्यात होतं. शेवटच्या ओळीत तिचं नाव. तिचा फोटो आम्ही कधी काढला नव्हता.

जात्यावर ओवी कुणीही रचलेली असो, म्हणणारी बाई त्यात आपल्या माणसाचं नाव घालते. रीतच आहे, त्यात कुणी कुणाचं चोरलं असं होत नाही. गावच्या गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या तेव्हा मी माहेरी होते. जाऊबाईंनी माझी ओवी म्हटली आणि रीतीप्रमाणे आपल्या मुलीचं नाव घातलं. नगरहून पुस्तक छापून आलं. वर गुरुजींचं नाव, आत 'सर्व हक्क राखून ठेवले आहेत'. जाऊबाईंची मुलगी ते रोज शाळेत न्यायची, मैत्रिणींना आपलं नाव दाखवायची.

मी गप्प राहिले. घरच्या माणसांपुढेसुद्धा मला धड बोलता येत नाही. पण एके सकाळी गुरुजी चहाला आले आणि म्हणाले, पुस्तक पुन्हा छापायचंय, आता नगरच्या एसटीनं निघालोय.

दाराआडून मी म्हणाले, "गुरुजी, ती मिरच्यांची ओवी माझी हाय."

"काय बोलतीस?" मालक म्हणाले. "ओवी कधी एकीची असती व्हय?"

गुरुजी हसले. "वहिनी, ओव्या साऱ्या गावाच्या. आडाचं पाणी कुणी माझं म्हणतं का?"

"मग आत हक्क कुणाचं लिवल्यात?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ती छापायची पद्धत आहे. दारोदार फिरून गोळा मी केल्या, पदरमोड मी केली."

"गोळा तुमी केल्या. पन पोर माझ्या पोटची, आन् ओवीबी माझीच."

मालक उठून उभे राहिले. गुरुजी म्हणाले, "तुमचीच कशावरून?"

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या सुपात ज्वारी निवडत होत्या. त्या नाही म्हणाल्या तर संपलंच. हो म्हणाल्या तर त्यांच्या मुलीचं नाव जाणार. बराच वेळ त्यांचा हात थांबला नाही.

"तिचीच हाय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "माझी पोर कवा मिरच्यांवर धावली न्हाई."

गुरुजींनी पिशवीतली पुस्तकाची प्रत उघडून पेन्सिल काढली. "मग खाली तुमचं नाव देऊ?"

मालकांची नजर माझ्यावर होती. मी म्हणाले, "माझं नगं. पोरीचं घाला."

"दोघी मुलींची नावं ठेवू का?"

"ओवीत पोर एकच हाय, गुरुजी," जाऊबाई म्हणाल्या.

गुरुजींनी नाव विचारलं. ती गेल्यापासून घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी जुनं खोडलं, वर नवं लिहिलं आणि स्टँडकडे निघाले.

जाऊबाईंनी शाळेला निघालेल्या मुलीला हाक मारली. तिच्या दप्तरातून पुस्तक काढून फळीवर ठेवलं.

"हे आता न्यायचं न्हाई."

"का?"

त्या सूप घेऊन आत गेल्या. मुलगी माझ्याकडे बघत उभी राहिली.