कॉम्प्युटरात यवतमाळ भरताना

हवामानाच्या कामात होतो म्हटलं की लोक लगेच विचारतात, "मंग उद्या पाणी येते का?" उद्याचं मला आजही सांगता येत नाही! पण यवतमाळ जिल्ह्यात माहिती गोळा करत फिरलो तेव्हाचं काहीही विचारा. माहिती सगळी हार्ड डिस्कमध्ये मावली, किस्से मात्र मावले नाहीत. चहाला चार जण जमले की एखादा बाहेर पडतोच.

कापसाचे ते वाईट दिवस होते. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि बातमी वाचवत नसे. निदान पावसाचा अंदाज तरी लोकांना नीट मिळावा म्हणून एक प्रकल्प आला. कॉम्प्युटरमधलं एक मॉडेल अंदाज सांगणार होतं. पण त्याआधी त्याला आपला जिल्हा समजावून सांगायचा: टेकड्या कुठं, जंगल कुठं, कोणत्या गावात किती पाऊस. समजावणारे आम्ही तिघं. प्रमुख देशमुख मॅडम, कॉम्प्युटरवर मी आणि जीपवर रफीकभाई, जे मूळचे मेकॅनिक.

*

पहिल्याच महिन्यात मी पराक्रम केला. जगभराच्या डेटातून दारव्ह्याचं तापमान काढलं, तर आलं उणे नऊ. मे महिन्यात!

मॅडम नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. ते बघणं उणे नऊपेक्षा थंड होतं.

मी अक्षांशाच्या जागी रेखांश टाकला होता. आमचं दारव्हा थेट उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात जाऊन पडलेलं!

दारातून रफीकभाईंनी विचारलं, "मॅडम, परवा दारव्ह्याले जायचं हाये. स्वेटर घेऊ का?"

लाज इतकी वाटली की मी गावांची सगळीच्या सगळी यादी पुन्हा तपासली. वरून आलेल्या यादीतच आणखी चार गावं चुकीच्या जागी निघाली. मॅडमनी वर कळवलं आणि वरून चक्क "धन्यवाद" असं पत्र आलं. वरच्या ऑफिसकडून धन्यवाद! मॅडमनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं.

*

पावसाचे आकडे रोज सकाळी फोनवर घ्यायचो. एका गावाचे कोतवाल मोठे उत्साही होते.

"काका, किती पडला?"

"लय पडला!"

"तसं नाही, मिलिमीटरमध्ये सांगा."

"मिलिमीटरमध्ये बी लयच पडला!"

*

नेरच्या चार महिन्यांच्या उपग्रह फोटोंत एक पांढरा ठिपका होता. सॉफ्टवेअर म्हणे ढग. पुढच्या फोटोत तो ढग तिथंच. त्याच्या पुढच्यातही तिथंच! ढगाखालची जमीन कळत नाही, म्हणून मी तो तुकडा काढून टाकायला निघालो.

रफीकभाई मागे उभे होते. "अरे, हे तं नेरचं जिनिंग हाये. कापूस पडून राह्यला तिथं."

"चार महिने?"

"खरेदी बंद, भाव नाही. कायले हलते तो?"

मी माउसवरचं बोट उचललं.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. खरोखर कापूसच, डोंगराएवढा. मॅडमनी नोंदीत "ढग" खोडून स्वतःच्या हातानं "कापूस" लिहिलं. आमचे फोटो एकमेकांवर नीट बसत नव्हते, ते मग आम्ही त्या न हलणाऱ्या ढिगाचीच खूण धरून जुळवले. अर्धा तालुका पटकन जागेवर बसला!

*

घाटंजीकडे एक टेकडी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना मॉडेल सारखाच पाऊस दाखवायचं. वरचे तज्ज्ञ म्हणाले, बरोबर असेल. रफीकभाई मानायला तयार नाहीत.

"टेकडीच्या अलीकडं वायपर बंद, पलीकडं चालू. पंधरा वर्षं गाडी चालवून राह्यलो मी त्या रोडनं!"

मी उंचीची फाइल उघडली. टेकडीच्या जागी मूळ डेटाच गायब होता आणि सॉफ्टवेअरनं ती जागा सपाट भरून टाकली होती. मॉडेलच्या लेखी तिथं मैदान होतं!

मग काय, जीपीएस घेऊन दोन दिवस आम्ही ती टेकडी चढलो-उतरलो. मॅडमसुद्धा. उंची भरली, मॉडेल पुन्हा चालवलं. पाऊस पडला तो बरोबर पलीकडे!

मी ओरडलोच. रफीकभाई मात्र शांतपणे म्हणाले, "मॉडेलले वायपर बसवला आपण."

*

आणि झरी जामणीची लेतुबाई.

तिचं गाव पार जंगलात. कोलाम आदिवासी बाई, शाळेत खिचडी शिजवायची आणि तिथलाच पर्जन्यमापक सांभाळायची. तिचे आकडे इतके नीटनेटके की दिल्लीहून तपासणीला आलेल्या साहेबांना संशय आला. साहेब मराठीच.

"हे घरी बसून भरलेले आकडे आहेत. केंद्र काढून टाका."

काढलं असतं तर जंगलाचा तो सगळा कोपरा मॉडेलमध्ये कोराच राहिला असता. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आधी बघून तरी घ्या, सर."

न कळवता गेलो. रात्रभर पाऊस पडून नुकताच थांबलेला, शाळेसमोर हा चिखल. आठ वाजून दहा मिनिटं झालेली. साहेब उतरले ते थेट पर्जन्यमापकाकडे.

लेतुबाई झाडू घेऊन धावत आली आणि मध्ये उभी राहिली. "हात नका लावू!"

"मी दिल्लीहून आलोय, बाई."

"या ना, बसा. पाऊस साडेआठलेच मोजतो आमी."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम आभाळ बघत होत्या. वीस मिनिटं दिल्ली ओट्यावर बसून राहिली!

बरोबर साडेआठला लेतुबाईनं पाणी काचेच्या मापात ओतलं, माप दगडावर ठेवलं, वाचलं, वहीत लिहिलं आणि वही मिटली. "आता पाहा."

साहेबांनी उभ्याउभ्याच नजर टाकली. "अठरा."

"उभ्यानं चुकते, साहेब. वाकून पाहा."

साहेबांनी चिखल पाहिला. स्वतःची इस्त्रीची पँट पाहिली. मग हळूच गुडघे टेकले, डोळा मापाला लावला आणि बराच वेळ हललेच नाहीत.

"सतरा पॉइंट आठ."

लेतुबाईनं वही उघडून त्यांच्यापुढे धरली.