शिफारस ज्याची, चपला त्याच्या ताब्यात

आमच्या फिल्म सोसायटीत सिनेमे महिन्याला दोनच यायचे, पण किस्से मात्र दारातल्या चपलांसारखे साचत गेले. आता कोणता कोणाचा, हे मलाही पटकन ओळखू येत नाही. टपरीवर मित्र विचारतात, "जगातले भारी सिनेमे सांग ना बे, तू तर एवढे दाखवले!" सांगतो. पण आधी एक कबुली. मी शिफारस केलेला एकही सिनेमा मी पाहिलेला नव्हता!

याला कारण तात्यासाहेब. निवृत्त हेडमास्तर आणि आमचे अध्यक्ष. धंतोलीतल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी शो असायचा. सतरंजीवर बसायचं, म्हणून चपला बाहेर. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेला रिकामटेकडा. बर्डीच्या बाजारातल्या रद्दीच्या दुकानातून परदेशी सिनेमाची मासिकं आणून वाचायचो. मुंबईहून प्रिंटची यादी आली की बोट मी ठेवायचो, कारण बाकी कोणाला त्यातलं एक नाव धड वाचता येत नव्हतं.

सोसायटीचा पहिला सिनेमा मुंबईवाल्यांनीच निवडून पाठवला होता, आणि त्याला अर्धा हॉल उठून गेला. तात्यासाहेबांनी ठराव केला: ज्याची शिफारस, त्याने दारात बसून चपला राखायच्या. जो मधेच उठेल, त्याने राखणाऱ्याला तोंडावर कारण सांगायचं. मगच चपला! लोक लाजून बसून राहतील, अशी त्यांची अटकळ. लोक काही लाजले नाहीत. मी मात्र कायमचा बाहेर बसलो. आयुष्यभर हेडमास्तरकी केली, पण नियम आणि शिक्षा यांतला फरक या माणसाला शेवटपर्यंत कळला नाही.

तेव्हा माझं जागतिक सिनेमाचं ज्ञान हे लोकांच्या उठून जाण्याच्या कारणांवर उभं आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

*

पहिली शिफारस चेकोस्लोव्हाकियाच्या एका सिनेमाची. एक सरकारी कारकून सकाळी ऑफिसात येतो आणि त्याचं टेबल सापडत नाही. मग अख्खा सिनेमाभर तो या खोलीतून त्या खोलीत टेबल शोधत फिरतो. मासिकात लिहिलं होतं, "हसता हसता घशात अडकतो."

अर्ध्या तासात ढोबळे बाहेर आले. हे एका सरकारी कचेरीतले हेडक्लार्क. घाम पुसत होते.

"कारण?" मी विचारलं.

"सहा दिवस मी तेच करतो गा. रविवारी तरी सुट्टी दे!"

*

हंगेरीचा एक आहे. बर्फ, एक घर, तीन माणसं. प्रिंट आली ती जर्मन सबटायटल्सची. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. तात्यासाहेब उभे राहिले. "घाबरू नका. तरुणपणी मी जर्मन केलेलं आहे. मी सांगत जाईन."

मी बाहेर, खिडकीखाली. चित्र दिसत नव्हतं, पण तात्यासाहेब स्पष्ट ऐकू येत होते.

"तिची आई वारली," ते म्हणाले. हॉल हळहळला.

पाच मिनिटांनी काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा आवाज आला. "अहो, वारली म्हणालात ना? ही तर सूप पितेय!"

"ही मावशी."

मग पुन्हा काकू. "अहो, मावशीचं लग्न लागतंय. त्या पोरीच्या नवऱ्याशीच!"

तात्यासाहेब खाकरले. "परदेशात चालतं."

त्या दिवशी एकही माणूस उठून गेला नाही. तेव्हा पाहा जरूर, पण शक्यतो तात्यासाहेबांसोबत.

*

एकदा मी नियम मोडला. इटलीचा सिनेमा होता. ज्याच्या फ्रेम कापून भिंतीवर लावाव्यात, असं मासिकात वाचलेलं. राहवलं नाही. बाहेर कोणी नाही असं बघून आत सरकलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. पडद्यावर एक रिकामा जिना होता. गोल गोल, पांढरा. त्यावर ऊन हळूहळू सरकत होतं.

चारच मिनिटं. बाहेर आलो तर तात्यासाहेबांची एक कोल्हापुरी तोंडात धरून कुत्रं कोपऱ्यावर वळत होतं!

नंतर तात्यासाहेबांनी एका पायावर चप्पल घालून, शिस्त या विषयावर अर्धा तास भाषण दिलं. मी मान खाली घालून जिना आठवत होतो.

त्या सिनेमाबद्दल एवढंच सांगू शकतो. जिना उत्तम आहे.

*

म्हाताऱ्यांना मी शिव्या देतो, पण सगळ्यांना नाही. ढोबळ्यांचे मेहुणे नामदेवभाऊ कुहीकडचे, धानाची शेती. ढोबळ्यांच्या घरी पूजेला आले होते. घरात पाहुण्यांची दाटी, म्हणून ढोबळ्यांनी त्यांना इथे आणून बसवलं आणि स्वतः पंधरा मिनिटांत पळाले.

सिनेमा जपानी. एक म्हातारा दीड तास घराचं गवती छप्पर शाकारतो. बाकी काही नाही. शेवटी पाऊस येतो, छप्पर गळतं, म्हातारा खाली बसून गळणारं पाणी बघतो. संपलं. हॉलमध्ये सहा माणसं उरली होती. चर्चेसाठी मलाही आत बोलावलं. एक प्राध्यापक उठले. माणसाचे कष्ट आणि आंधळी नियती, यावर वीस मिनिटं बोलले.

नामदेवभाऊंनी हळूच हात वर केला. "नियती गियती काही नाही जी. बुढा वरून खाली शाकारत आला. खालून वर जा लागते. मले तर सुरुवातीलेच समजलं, हे गळते. पण सांगावं कोनाले? तो तिकडं, मी इकडं!"

प्राध्यापक खाली बसले.

"मग पूर्ण कशाला पाहिलात?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"हात चांगला होता त्याचा."

जाताना चपला घालता घालता मला म्हणाले, "असा अजून कोनता आहे गा?" हे मला सोसायटीत दुसऱ्या कोणी कधीच विचारलं नाही.

*

बाबा पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन. कॉलेज सोडलं तेव्हापासून, म्हणजे दीड वर्षं, माझ्याशी बोलत नव्हते. ताटावर समोर बसून आईला सांगायचे, "त्याले विचार, पोळी पाहिजे का." मीही आईलाच सांगायचो, "नको म्हणावं."

एका रविवारी सायकलवरून थेट वाचनालयात आले. हातात कॉलेजचा फॉर्म. पुन्हा प्रवेश मिळत होता आणि दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. मी पायरीवर, चपलांच्या मधोमध. फॉर्म माझ्यापुढे धरला.

"सही कर."

"नाही करत."

"मग इथं काय करून राहिला?"

"चपला राखतो."

"कोनाच्या?"

"सगळ्यांच्या."

आतून प्रोजेक्टरची घरघर येत होती. बाबांनी दाराकडे पाहिलं. "आत काय सुरू आहे?"

"ब्राझीलचा सिनेमा. गाव मिळून पूल बांधतं आणि नदी पात्र बदलते."

"पूल कशाचा?"

"दगडी असावा. मी फक्त वाचलंय."

"तू काहून नाही पाहत?"

"नियम आहे. ज्याची शिफारस, तो बाहेर."

"आतापर्यंतचे किती पाहिले?"

"एकही नाही. एक जिना पाहिला."

बाबांनी फॉर्मची चौघडी केली, पायरीवर ठेवली आणि पँटची इस्त्री सांभाळत त्या घडीवरच बसले.

"सरक. मधात उठनाऱ्याले काय विचारा लागते?"

"कारण."

"जाय आत."

मी आत जाऊन बसलो. पडद्यावर माणसं दगड वाहत होती. वीसेक मिनिटांनी तात्यासाहेब उठले आणि बाहेर गेले. दोन मिनिटांत परत आले, अंधारात चाचपडत माझ्याच शेजारी बसले.

"बाहेर कोण बसलंय रे?" ते कुजबुजले.

"माझे बाबा."

"कारण विचारताहेत."

"मग?"

"सांगितलं, कंटाळा आला."

"मग?"

"म्हणाले, हे कारण नाही होत. आत जाऊन बसा."