नॉर्वेच्या बर्फावर बाबा

बाबा गेले तेव्हा मी विमानात होते.

नागपूरला सक्करदऱ्याच्या घरी पोचले तर दारासमोर मांडव टाकलेला, खुर्च्या लागलेल्या.

तीन दिवस झाले, लोक येऊन राहिलेत. आणि प्रत्येक जण नॉर्वेची गोष्ट काढतो.

म्हणून आज खरं काय झालं ते लिहिते.

बाबांनी सावनेरकडच्या कोळसा खाणीत चौतीस वर्षं काढली. जमिनीखाली. रिटायर झाल्यावर मी त्यांना माझ्याकडे नॉर्वेला नेलं. त्यांना एकच गोष्ट बघायची होती. हिमनदी. महिनाभर मोबाइलवर तिचेच व्हिडिओ.

गाइडसोबतचा हाइक बुक केला. हेल्मेट, बुटांखाली लोखंडी दाते, आणि आम्ही आठ जण एका दोरीत. एक गाइड पुढे, एक सगळ्यात मागे.

पुढची गाइड इंग्रजीत नियम सांगत होती. बाबांनी विचारलं, "काय म्हणून राहिली वं ते?"

"दोरी ढिली सोडू नका. थांबा म्हटलं की थांबायचं."

"बरोबर हाय. खाणीत बी हेच राह्यते."

तासाभराने बर्फात एक भेग आली. जेमतेम एका ढांगेची. पण आत आधी निळं, मग काळं, आणि खोल कुठेतरी पाण्याचा आवाज.

गाइड पलीकडे गेली. पुढचा नंबर माझा.

माझे पाय हललेच नाहीत.

ती म्हणाली, काही घाई नाही. आणि मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर. वय एकतीस, ऑफिसात टीम लीड!

बाबा माझ्या मागेच होते. हळूच म्हणाले, "भेव लागलं?"

"तुम्हाला नाही कळणार बाबा. तुम्ही कधी घाबरलेच नाही."

"कोणं सांगतलं? पहिल्या दिवशी खाणीत उतरलो तं ढसाढसा रडलो मी. वापस वर पाठवलं मले."

मी वळून बघितलं. हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

"वापस जायचं असन तं चाल. मी येतो."

"तुम्ही जा ना. तुमच्यासाठीच तर आलो."

"एकटा जाऊन काय करू वं? मले इंग्रजी येते का?"

मागच्या गाइडने आम्हा दोघांना वेगळ्या दोरीला बांधून खाली आणलं. काठावरच्या दगडावर बसून आम्ही चिवडा खाल्ला. वर बाकीचे सगळे मुंग्यांएवढे दिसत होते. बाबा बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले.

नागपूरला परतल्यावर मात्र सगळ्यांना सांगितलं, "माहा गुडघा दुखला न, म्हणून पोरीले बी वापस यावं लागलं."

मी गप्प राहिले. तेव्हाही, नंतरही.

काल शेजारचे काका मलाच म्हणाले, "गुडघ्यानं दगा दिला, नाहीतं पुरा बर्फ पार केला असता त्यानं."

गुडघा ठणठणीत होता, काका. घाबरले होते मी.

बाबा, हे तुमच्यासमोर चारचौघांत सांगायचं राहून गेलं. माफ करा.

अखेरचा जय भीम.