खंडोजीची बिजली आणि मास्तरांची भिंत

देवासच्या टेकडीखाली खंडोजीचं घर कुणालाही विचारा, तो घर नाही, घोडी दाखवेल. पांढरीशुभ्र बिजली! खंडोजीचे पूर्वज मराठ्यांच्या पागेत घोडे राखायला माळव्यात आले. पागा गेली, घोड्यांचं वेड तेवढं राहिलं. बिजलीवर बसल्याशिवाय इकडच्या नवरदेवाला लग्न झाल्यासारखं वाटतच नाही, असं खंडोजी छातीठोकपणे सांगायचा.

त्याच बिजलीनं घोळ घातला. भर वरातीत कुणा टारगटानं तिच्या पायाशी फटाक्यांची माळ पेटवली. बिचारी बिथरली आणि खंडोजीला लगामासकट फरफटत शेजारच्या शरच्चंद्र मास्तरांच्या अंगणात घुसली. भिंत आडवी, तुळशीवृंदावन आडवं, मास्तरांचा पाय प्लास्टरमध्ये. दवाखान्यातून पोलिसांना कळलं आणि निष्काळजीपणाची केस लागली. खंडोजीनं मात्र डोक्यात घेतलं, की हे मास्तरांचंच काम. त्याच्या डोक्यात एकदा काही शिरलं, की ते काढायला ब्रह्मदेवच यायला हवा! मास्तरांनी भिंतीचं विचारलं, तर म्हणाला, आधी केस काढा. पोलिसांची केस मास्तर कशी काढणार? शेवटी तेही हट्टाला पेटले आणि त्यांनी दिवाणी दावा लावला.

खरी पंचाईत पुढेच होती. केस चाललेल्या घोडीवर आपल्या पोराला कोण बसवणार? वराती बिजलीला टाळू लागल्या. नेमकं पोलिसांच्या केसमधल्या मास्तरांच्या साक्षीच्या दिवशी सोनकच्छहून वरातीचं एक बोलावणं आलं, तेही फार दिवसांनी. बायको मालन म्हणत होती, कोर्टात जा. हा कुठला ऐकतोय! वकिलाकरवी हजेरीची माफी मागितली आणि घोडी घेऊन पसार झाला.

पुढे त्या केसचा निकाल लागला, खंडोजी निर्दोष सुटला. झालं, स्वारी हवेत! बिजलीवर झूल चढवली, ढोलवाला बोलावला आणि थेट मास्तरांच्या दारापुढे तिला नाचवलं. जो भेटेल त्याला, भिया, आपण बाइज्जत सुटलो, असं सांगत गल्लीभर पेढे वाटले. मास्तरांचं घर तेवढं वगळलं.

पेढ्यांची चव तोंडातून जायच्या आत दिवाणी कोर्टाचा निकाल आला. भिंत आणि वृंदावन खंडोजीनं बांधून द्यावं. तो चक्रावलाच. आता कुठे चार माणसं बिजलीची चौकशी करायला लागली होती, ती पुन्हा तोंड फिरवणार. तणतणत तो मास्तरांच्या ओसरीवर चढला आणि विचारलं, मी गुन्हेगार आहे की नाही, एकदाचं काय ते सांगा.

मास्तरांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली.

"नाहीस. कोर्टात मीच सांगितलं तसं. फटाके दुसऱ्यानं लावले. तुझे हात सोलवटले तरी तू लगाम सोडला नाहीस, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग खोटं कसं बोलू? पण भिंत तर पडली ना बाबा? आणि घोडी तुझीच ना?"

खंडोजीला हे आजच कळत होतं. वकिलानं तर सगळी शाबासकी स्वतःच लाटली होती! दारापुढे नाचवलेली घोडी आठवली आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरांच्या पत्नी अल्पनावहिनींनी त्याच्यापुढेही पोहे ठेवले, वर शेव भुरभुरली.

दुसऱ्याच दिवशी त्यानं भिंतीला गवंडी लावला. वृंदावन मात्र स्वतः बांधायला घेतलं. पहिलं वाकडं झालं. मास्तरांनी खुर्चीत बसून ते पाडायला लावलं आणि यानं मुकाट्यानं पाडलं.

दसऱ्याला घोड्यांची पूजा झाली, की पहिलं सोनं मास्तरांच्या घरी द्यायचं, ही वडिलांपासूनची रीत. केस लागल्यापासून ती मोडली होती. यंदा खंडोजी निघाला, बिजली आणि तोच ढोलवाला घेऊन. गल्ली दारात गोळा झाली, म्हटलं आता नवा तमाशा बघायला मिळणार. खंडोजीनं आपट्याची पानं मास्तरांच्या हातावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर, तुम्ही खरं बोललात म्हणून मी सुटलो."

मग त्यानं बिजलीच्या मानेवर थाप मारली. तिनं पुढचा पाय दुमडून मास्तरांना मुजरा केला. एरवी तो मान फक्त नवरदेवाचा.

मास्तर गडबडले. चष्मा काढून पुसू लागले.

"मेधाचं लग्न ठरलंय," लेकीकडे बघत ते म्हणाले. "जावई हिच्यावरच बसून येईल. फक्त भिंतीपासून जरा लांबून आण रे बाबा."